दरडीतलं घरटं आणि नऊ कॅमेरे: तिबोटी खंड्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण रायगडातलं एक गाव. डोंगराच्या पायथ्याला वाडी, वाडीच्या टोकाला एक घर आणि घरामागे लगेच रान. घरमालकांनी काही वर्षांपूर्वी दोन खोल्या वाढवून ‘निवास आणि न्याहारी’ सुरू केली. पाहुण्यांच्या गाड्या थेट मागच्या अंगणात याव्यात म्हणून जेसीबीने उतार कापून घेतला आणि कापलेल्या बाजूला अडीच मीटर उंचीची तांबड्या मातीची उभी दरड राहिली. दरडीच्या पायथ्याशी पाणी जायला गटार. या प्रकरणातलं जवळपास सगळं त्या दरडीपाशी आणि त्या गटारापाशी घडलं.

गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. घरमालकांना काका म्हणू. त्यांच्या घरात काकी आणि पाहुण्यांना रानात फिरवणारा पुतण्या. मी आणि माझे दोन सोबती त्या भागात पावसाळी पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, म्हणून आमचं त्या घरी येणंजाणं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस नुकताच सुरू झालेला असताना, एका पहाटे नव्या खोलीच्या मोठ्या काचेवर काहीतरी आपटलं. काकींना पायरीवर मूठभर रंगीत वस्तू दिसली. आधी त्यांना पाहुण्यांच्या पोराचं खेळणं वाटलं, मग त्याने डोळा मिचकावला. त्यांनी ते चपलांच्या खोक्यात ठेवून झाकलं आणि तासाभराने झाकण उघडताच ते सरळ रानात उडून गेलं. मधल्या वेळात पुतण्याने फोटो काढला होता. तो फोटो त्याने सगळीकडे टाकला, खाली गावाच्या नावासकट. पुढच्या गोष्टीची सुरुवात तिथे झाली, पण ते आम्हाला बरंच उशिरा कळलं.

हा पक्षी कोण

खंड्या म्हटला की तारेवर बसलेला आणि पाण्यात सूर मारणारा पक्षी डोळ्यांपुढे येतो. तिबोटी खंड्याचा संसार वेगळा आहे. हा रानातल्या सावलीचा पक्षी. चोच-शेपटीसकट लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, वजन १४ ते २० ग्रॅमच्या आसपास. पोट पिवळं-नारिंगी, डोक्यावर आणि पाठीखाली जांभळी झाक, पंख काळपट निळे, मानेच्या बाजूला निळा आणि पांढरा ठिपका, चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल. इतर बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटं असतात, याला तीन, म्हणून तिबोटी. इतके रंग अंगावर असूनही तो पानांआड दोन हातांवर बसला तरी दिसत नाही. आधी कानावर येते ती बारीक, टोकदार शीळ, आणि नजर वळेपर्यंत एक रंगाची रेघ निघून गेलेली असते.

कोकणात तो पावसाबरोबर येतो आणि विणीचा हंगाम साधारण जून ते सप्टेंबर. प्रवास रात्रीचा, त्यामुळे पावसाच्या तोंडावर काचांवर आणि भिंतींवर आपटलेले तिबोटी खंड्ये सापडण्याचे प्रकार होतात. काकींच्या पायरीवरचा त्यातलाच असावा. रायगडने त्याला आपला जिल्हा पक्षी मानलं आहे आणि पावसाळ्यात कर्नाळ्याला कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांपैकी बरेच जण याच्याचसाठी जातात.

घरटं म्हणजे मातीच्या उभ्या कडेत खणलेलं आडवं बीळ. नर आणि मादी दोघंही चोचीने माती उकरतात, पायांनी मागे सारतात. जागा पसंत पडेना, मध्ये दगड लागला, तर सोडून दुसरीकडे सुरुवात. माती इतकी मऊ हवी की चोचीने खणता यावी आणि इतकी घट्ट की पावसात कोसळू नये. ओढ्यांच्या, पऱ्यांच्या काठांवर अशी जागा मिळते, आणि अलीकडे रस्त्यांसाठी कापलेल्या दरडींतही. काकांनी जेसीबी लावला नसता तर हे बीळ तिथे झालंच नसतं, हेही या प्रकरणात लक्षात ठेवावं लागतं. अंडी बहुधा चार-पाच, पांढरीशुभ्र. साधारण १७-१८ दिवस उबवण, त्यानंतर सुमारे २० दिवस पिल्लं बिळात. त्यांना भरवायला सापसुरळ्या, पाली, छोटे बेडूक, खेकडे, नाकतोडे, कोळी असं सगळं चालतं. भक्ष्य फांदीवर आपटून मारायचं आणि पिल्लाला गिळायला सोपं जावं म्हणून डोकं पुढे करून न्यायचं. चोचीत आडवी सापसुरळी धरून बसलेला तिबोटी खंड्या, हाच तो फोटो, ज्यासाठी लोक मुंबई-पुण्याहून रात्रीचे निघतात.

अडचण

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका जोडीने दरडीत बीळ खणलं. जुलैच्या मध्यावर चोचीत भक्ष्य घेऊन आत जाणं सुरू झालं, म्हणजे अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती. पुतण्याकडे चौकश्यांचा पाऊस सुरू झाला तो याच सुमारास. तो माणशी १,५०० रुपये घेत होता, त्यात चहा-न्याहारी आली. पावसाळ्यात जिथे एरवी चार महिने घर रिकामं असायचं, तिथे शनिवार-रविवारी जागा पुरेना.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा दरडीसमोर नऊ कॅमेरे लागले होते. बिळाच्या तोंडावर लोंबणारं नेचं आणि दिंड्याची दोन झुडपं कापलेली होती. फोटो ‘स्वच्छ’ यावा म्हणून. बिळापासून थोड्या अंतरावर एक शेवाळलेली काठी जमिनीत रोवलेली होती, पक्ष्याने बसायला. पावसाळी रानात उजेड कमी, म्हणून दोघे फ्लॅश मारत होते. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. उलट सगळे अगदी शिस्तीत, कुजबुजत बसलेले. पुतण्याने अंतराचा नियमही घातला होता: बिळापासून १५ मीटर. त्याला ते पुरेसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या नजरेला आम्हालाही वाटलं.

मग आम्ही घड्याळ लावून बसलो. दीड तासात एकच फेरी झाली. पक्षी जवळपासच होता. शीळ सतत ऐकू येत होती. चोचीत भक्ष्य घेऊन तो मागच्या करवंदीच्या जाळीत थांबायचा, मान वरखाली करायचा, परत जायचा. एकदा त्याने आणलेली सापसुरळी स्वतःच खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अंगणात कोणी नसताना त्याच वेळी आम्ही काकींच्या न्हाणीघराच्या खिडकीतून मोजलं: तासात सहा फेऱ्या.

सगळी गोम त्या करवंदीत होती. हा पक्षी भक्ष्य घेऊन थेट बिळात शिरत नाही. आधी एका ठरलेल्या आडोशाला थांबतो, आजूबाजूचा अंदाज घेतो, मग एका झेपेत आत. त्याचा थांबा आणि बीळ यांच्यामधली हवेतली वाट ठरलेली असते. कॅमेरे बिळापासून १५ मीटरवर होते, पण त्या थांब्यापासून चार मीटरवर आणि बरोबर वाटेच्या मध्ये. प्रकाश तिथेच चांगला येत होता ना.

हे कमी होतं म्हणून त्याच आठवड्यात गटार तुंबलं. वरून आलेल्या गाळाने पाणी अडलं आणि मागच्या खोलीत घोटाभर शिरलं. काकांनी जेसीबीवाल्याला बुधवारी बोलावलं होतं. गटार उपसायचं म्हणजे यंत्राचं बकेट दरडीला घासूनच जाणार. पिल्लं तेव्हा आठवड्याची होती. त्यांना अजून किमान बारा-तेरा दिवस हवे होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: वनखात्याला लेखी कळवायचं. जमीन काकांच्या मालकीची असली तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ तिथेही लागू होतो. या कायद्यातली शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. पक्ष्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हेही त्या व्याख्येत येतं. म्हणजे बिळाचं तोंड मोकळं करणारा कोयता आणि दरडीला भिडणारं बकेट, दोन्ही त्यात बसू शकत होते. माझा एक सोबती याच मताचा होता. दुसऱ्याचं म्हणणं, तक्रार गेली की काका उद्यापासून आपल्याला दार उघडणार नाहीत आणि पुढच्या वर्षी दरडीला चिऱ्याचं बांधकाम करून मोकळे होतील. मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचंही पटणाऱ्या माणसाचा अशा वेळी काही उपयोग नसतो.

दुसरा पर्याय एका पाहुण्याने सुचवला, तोही अगदी मनापासून: पिल्लं काढून जवळच्या दुसऱ्या दरडीत तयार भोकात ठेवायची. त्यावर फार वेळ घालवला नाही. पालक पक्षी आपल्या बिळाकडे परततात, आपण नेऊन ठेवलेल्या भोकाकडे नाही. पिल्लं थंडीने गारठली असती. शिवाय परवानगीशिवाय ती हाताळणं हाच गुन्हा.

तिसरा पर्याय फोटो पूर्ण बंद करण्याचा. काका म्हणाले, “तुम्ही आठवड्याला एकदा येता आणि वही भरून जाता. पोराने चार पैसे मिळवले तर त्याच्या पोटावर पाय का देता?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या दोन रविवारांचे पैसे तो आगाऊ घेऊन बसला होता.

चौथा, मधला मार्ग: माणसं कमी, वेळ कमी, जागा बदललेली, आणि गटार हाताने उपसायचं.

काय केलं

आम्ही मधला मार्ग घेतला. वाद न घालता पुतण्याला सोमवारी खिडकीशी बसवलं आणि त्यालाच मोजायला लावलं. सहा फेऱ्या मोजल्यावर तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने स्वतःच शेवाळलेली काठी उपटली. आम्ही तासभर बोललो असतो तरी जे झालं नसतं, ते त्या खिडकीने केलं.

मग हिरव्या शेडनेटचा एक आडोसा गोठ्याच्या भिंतीला लागून उभा केला. अंतर बिळापासून जास्त, आणि मुख्य म्हणजे थांबा आणि बीळ या वाटेच्या पूर्ण बाहेर. एका वेळी तीनच माणसं, सकाळी पाऊण तास, फ्लॅश बंद. दहा मिनिटं एकही फेरी झाली नाही तर सगळ्यांनी उठायचं. हा शेवटचा नियम पुतण्याचा, आणि तोच सगळ्यांत उपयोगी ठरला, कारण त्यात पक्षी काय करतोय हे बघावं लागत होतं. आगाऊ पैसे दिलेल्यांपैकी दोघांनी पैसे परत मागितले, उरलेल्यांना त्याने रात्री बेडकांच्या फेरीला नेलं. वाडीमागच्या पऱ्यावर झाडबेडकांची फेसाची घरटी आणि बांबूत बसलेला हिरवा चापडा साप पाहून एक कुटुंब तर खंड्याबद्दल विचारायचंच विसरलं.

गटाराचं काम बुधवारी चार माणसांनी फावड्या-घमेल्यांनी केलं, दुपारच्या दोन तासांत, दरडीच्या बाजूने गाळाला हात न लावता. जेसीबीपेक्षा खर्च कमी आला. फक्त कंबर धरली, असं काकांचं म्हणणं. आम्हीही घमेली उचलली, त्यामुळे ते मान्य करायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट केली, ती चुकीची निघाली. वाडीतली पोरं आणि गुरं दरडीकडे जाऊ नयेत म्हणून आम्ही बिळाभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आता थांबून विचारायला लागला, इथे आहे काय. दोन दिवसांनी काढली.

काय घडलं

फेऱ्या सुधारल्या. पुढच्या रविवारी आडोशात माणसं असतानाही तासात चार-पाच होत होत्या. बिळाच्या तोंडाखाली पांढऱ्या विष्ठेचा ओघळ जाड होत गेला, म्हणजे आत पोटं भरत होती.

पिल्लं पंधरा दिवसांची असताना, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी बिळाचं तोंड फाटलेलं दिसलं. मूळच्या भोकाच्या तिप्पट खळगा, कडेला नखांचे ओरखडे, आत काही नाही. घोरपड असेल, मुंगूस असेल. पालक पक्षी करवंदीत बसून होते, एकाच्या चोचीत बेडूक. तो बराच वेळ तसाच धरून बसला होता.

कापलेलं नेचं आणि दिंडा तोपर्यंत वीतभरच फुटले होते. बिळाचं तोंड पंधरा दिवस उघडं होतं, दिसायलाही आणि वासालाही, कारण या पक्ष्यांचं बीळ पिल्लं मोठी झाली की चांगलंच घाण मारतं. झाडोरा असता तर पिल्लं वाचलीच असती असं म्हणता येत नाही. आडोशातली घरटीही खाल्ली जातात. पण माणसं, अंतर, वेळ, फ्लॅश या सगळ्यावर आम्ही चर्चा केली आणि कापून गेलेल्या झुडपाबद्दल ‘ते आता झालं’ म्हणून पुढे गेलो. त्या दिवशी कापलेल्या फांद्या तिथेच पडल्या होत्या. बिळाच्या दोन्ही अंगांना, वाट मोकळी ठेवून, त्या खोचता आल्या असत्या. दहा मिनिटांचं काम.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काकी गोठ्यामागे शेण टाकायला गेल्या असताना त्यांना शीळ ऐकू आली. पऱ्याच्या काठाला, दरडीपासून साठेक मीटरवर, नवं बीळ सुरू होतं. तीच जोडी असावी असं आम्ही धरून चाललो. पहिली वीण फसली की ही जोडपी पाऊस असेपर्यंत पुन्हा प्रयत्न करतात. काकींनी हे आधी फक्त पुतण्याला सांगितलं, पुतण्याने आम्हाला. काकांना सांगायचं की नाही यावर बराच खल झाला. शेवटी सांगितलं, कारण गुरं त्याच वाटेने पाण्यावर जात आणि ती वळवायची तर त्यांच्याशिवाय शक्य नव्हतं.

या वेळी आडोसा नाही, पट्टी नाही, फोटो नाहीत. गणपतीत घर मुंबईकरांनी भरलं होतं. त्यांतल्या एका भाच्याकडे भलीमोठी लेन्स होती आणि त्याला जुलैतले फोटो पाहून माहीत होतं की इथे काहीतरी आहे. पुतण्याने त्याला सांगितलं, “तो गेला रे, गेल्या महिन्यातच.” सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पऱ्याच्या काठी किमान दोन पिल्लं फांदीवर दिसली, रंग अजून फिके, चोच मळकट, शेपटी नसल्यासारखी. चार दिवसांनी शीळ बंद झाली.

पुन्हा वेळ आली तर

पहिला निर्णयाचा क्षण आमच्या हातात नव्हता असं आम्ही बरेच दिवस म्हणत होतो: काचेवर आपटलेल्या पक्ष्याचा फोटो. पण पुतण्याला आम्ही तीन वर्षं ओळखत होतो. त्याला पक्ष्यांची नावं शिकवली, हाका शिकवल्या. विणीच्या काळात गावाचं नाव टाकू नये, हे एक वाक्य कधी बोललो नाही. शिकवणाऱ्याला जे इतकं उघड वाटतं की सांगावंसं वाटत नाही, तेच राहून जातं.

काचेचंही तसंच. आता त्या खिडकीला बाहेरून जुनी मासेमारीची जाळी ताणून लावली आहे, मेअखेरीस लावतात आणि ऑक्टोबरात काढतात. दिसायला बरी नाही. काकींना त्यावर दोडक्याचा वेल सोडायचाय.

वनरक्षकांना आम्ही कळवलं ते ऑगस्टमध्ये, तेही तोंडी, चहा पिताना. ते पहिल्या रविवारीच करायला हवं होतं. तक्रार आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्रार टाळण्याच्या नादात आम्ही माहितीही दिली नाही. त्यांनी नंतर सांगितलं की शेजारच्या दोन गावांतही असेच आडोसे लागले होते आणि त्यांना एकाचाही पत्ता नव्हता.

तीन माणसांचा आडोसा ठेवावा की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझा एक सोबती म्हणतो, बिळासमोर एकही माणूस नको, तीन म्हणजे पुढच्या वर्षीचे तीस. माझं मत थोडं सैल आहे: घरमालक आणि पुतण्या बाजूला गेले असते तर बुधवारी जेसीबी आला असता, आणि मग सप्टेंबरचं बीळ आम्हाला कोणी दाखवलंही नसतं. मात्र बिळासमोर माणूस बसवायचाच असेल तर फेऱ्या मोजायला कोणीतरी दुसरा, कॅमेरा नसलेला, हवा. ज्याच्या डोळ्याला लेन्स आहे त्याला पक्षी आलेला कळतो. न आलेला कळत नाही.

दरडीला चिऱ्याचं बांधकाम काकांना करायचंच होतं, दोन पावसाळ्यांत माती बरीच ढासळली होती. त्यांनी ते घराच्या बाजूने केलं आणि टोकाची चारेक मीटर दरड उघडी सोडली. तिथल्या नेच्याला कोयता लावायला पुतण्या आता कोणाला देत नाही. यंदा गटार मे महिन्यातच उपसून झालं. फाटलेल्या बिळाचा खळगा अजून दिसतो. सध्या त्यात एक खेकडा राहतो.